आई बाहेर बसली होती तेव्हा

दादा, वहिनी,

मी गाव सोडलं त्या सकाळी आई एसटीच्या दारात कंडक्टरला म्हणाली, "माझी लेक एम्मेस्सी हाय, तिला खिडकीला बसवा." तो म्हणाला, "मग तिकीट इंग्रजीत फाडू का, मावशी?" सगळी गाडी हसली. आई हसली नाही. आपल्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, त्याची चेष्टा तिला नको होती. मलाही नको होती.

खांदेश्वरला दोघींबरोबर खोली घेतली. नव्या इमारती, निम्म्या रिकाम्या. लॅब बेलापूरला, दिवाळ्याच्या कोळीवाड्याकडून वारा आला की सुक्या मासळीचा वास आतपर्यंत यायचा. तिथलं काम तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. पेशीत प्रथिनं असतात, ती निरोप पुढे पोचवतात: वाढ, थांब. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा एक विषाणू आधी पेशीत शिरलेला असतो. त्याचं प्रथिन 'थांब' सांगणाऱ्या प्रथिनालाच संपवतं. मग 'वाढ' एवढाच निरोप फिरत राहतो. त्या प्रथिनांच्या काळ्या पट्ट्या फिल्मवर तपासायचं माझं काम. मला त्याचा गर्व होता. अजून आहे, आणि त्याचीच लाज वाटते.

दुसऱ्या वर्षी दिवाळीला आले तेव्हा वहिनी, तुम्ही दारातच म्हणालात, "वन्सं, आत्याबाई बाहेरच्या झाल्यात, शिवू नगा." आई पडवीत घोंगडीवर, ताट-तांब्या वेगळा. माझं डोकंच फिरलं. "एवढी शिकले ती हे बघायला?" म्हणत जाऊन तिला मिठी मारली, तिच्याच ताटात जेवले. ती ओरडली, "अगं, बाटलीस की! लॅबात ह्येच शिकीवत्यात व्हय?" आणि मग हसायलाच लागली. दादा, तू तोंड फिरवून निघून गेलास. मी लढाई जिंकल्यासारखी परतले, लॅबमध्ये सगळ्यांना रंगवून सांगितलं. पाच-सहा जण होतो, सगळे याच कॅन्सरवर काम करणारे. एकानेही विचारलं नाही, मीही स्वतःला विचारलं नाही, की छप्पन्न वर्षांची बाई बाहेर बसतेच कशी.

पुढच्या पावसाळ्यात तू आईला इकडे घेऊन आलास, तिची कंबर धरली होती, अंग पांढरंफटक पडलं होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पाळी कधी गेली?

"सा वर्सं झाली," आई म्हणाली. "मग परत आली. आली म्हून बसत हुते."

बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी कशावर काम करते ते आईने आत शिरताच त्यांना कौतुकानं सांगून ठेवलं होतं.

पाच महिन्यांत ती गेली.

तुम्ही गावात सांगता, बहिणीनं लई केलं, पण आजार उशिरा कळला. तसं नाही. आजार माझ्यासमोर घोंगडीवर बसला होता आणि मी रूढीशी भांडत होते. तुम्हाला ते माहीत असणं शक्य नव्हतं. मला होतं.

इथे नव्याने आलेल्या मुली मला विचारतात, घरी कधी जाता? फ्लॅट माझ्या नावावर आहे, सोसायटीच्या बोर्डावर नावापुढे डिग्री आहे, पण तो पत्ता झाला. घर तुमच्याकडे आहे, कारण तिथे अजून मला कोणी दोष देत नाही. हे वाचून झाल्यावर ते उरेल की नाही, ठाऊक नाही.