मोडी जाणणारा

नंदुरबारच्या मिरचीबाजारामागे भंगारचं दुकान असलेला हा गृहस्थ हाती आलेली वस्तू आधी तोलतो. लग्नपत्रिकासुद्धा तळहातावर उडवून "पन्नास ग्राम" म्हणतो, मगच वाचतो.

राज्याच्या इतिहास समितीची पुनर्रचना निघाली तेव्हा मी कचेरीत कारकून होतो. जिल्ह्यातून मोडी जाणणारा एक सदस्य हवा होता. याच्या पाटीवर लिहिलं होतं, 'जुनी मोडी घेतली जाईल'. मोडी म्हणजे मोडीत काढलेलं भंगार, एवढंच मला ठाऊक; मोडी लिपी माझ्या डोक्यातही आली नाही. मी त्याची सही घेऊन नाव धाडलं. त्याला वाटलं, कचेरीचं भंगार विकायला निघालं.

पहिली बैठक आमच्याच कचेरीत झाली. अध्यक्षांनी जुना दस्त वाचायला दिला. यानं तो तोलला. "साहेब, मन्ही मोडी लोखंडनी शे."

सगळे हसले. "याचं नाव कोणी पाठवलं?" अध्यक्ष कडाडले. मी फायलीत तोंड खुपसलं. माझ्याकडे न बघता हा म्हणाला, "मीच अर्ज कया व्हता."

तेव्हापासून गाव त्याला लबाड म्हणतं. म्हणून ही कबुली लिहिली आणि आधी त्यालाच दाखवली. त्यानं कागद तराजूत ठेवला.

"आबा, काटा हालना बी नही," म्हणाला आणि माझ्यासाठी चहा सांगितला.