कवडीतला जीव

माझ्या सासूबाई देवीच्या आराधीण. त्यांच्या आईने दिलेली कवड्यांची माळ दर मंगळवारी गळ्यात घालून, हातात परडी घेऊन त्या जोगवा मागायला निघतात. माहेर आणि सासर दोन्ही जतकडची, त्यामुळे समुद्र कधी पाहिलेला नव्हता. गेल्या हिवाळ्यात मी आणि नवऱ्याने त्यांना कराडहून गाडीने मालवणला नेलं.

सकाळी ओहोटी होती. खडकांत साचलेल्या पाण्यात पाय सोडून बसलेल्या सासूबाई एकदम ओरडल्या, "आगं, हे काय हाय बघ!"

पाण्यात बोराएवढा शेंदरी, मऊ गोळा हळूहळू सरकत होता. अंगावर बारीक लव. मी बोट लावलं, तर ते शेंदरी मांस दोन्ही बाजूंनी मागे सरलं आणि आतून चकचकीत, ठिपक्यांची कवडी वर आली.

सासूबाईंचा हात गळ्याकडे गेला. "म्हंजे ह्यात जीव असतुय?"

"हो आत्या. समुद्रातली गोगलगाय आहे ही."

"मग माज्या माळंतल्या?"

"त्याही."

"त्या आपसूक मेल्या, का कुणी मारल्या?"

मी नवऱ्याकडे पाहिलं, त्याने समुद्राकडे. मी शाळेत विज्ञान शिकवते, पण ती माळ दर नवरात्रात पुसताना हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. म्हटलं, "काही मेल्यावर किनाऱ्याला लागतात, काही जिवंत पकडतात. तुमच्या कुठल्या, ते कसं कळणार?"

घरी आल्यावर पुढच्या मंगळवारी माळ खुंटीवरच राहिली. शेजारणींनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "दोरा कच्चा झालाय." मला ते खरंच वाटलं. मी बाजारातून चांगला दोरा आणून दिला. सासूबाईंनी आधी दोऱ्याकडे, नंतर माझ्याकडे पाहिलं. मग खाली बसून त्यांनी माळेचा जुना दोरा सोडला, एकेक कवडी उजेडात धरून फटीतून आत पाहिलं आणि पुन्हा ओवली.

त्यानंतरच्या मंगळवारी माळ गळ्यात दिसली. मी विचारलं, "मग, काय ठरवलंत आत्या?"

"काय ठरवू गं? घातली तरी चुकल्यागत वाटतंय, न्हाई घातली तरी चुकल्यागत वाटतंय."

त्यांनी परडी उचलली आणि चपला शोधू लागल्या.