अंगठ्याची नजर

"मॅडम, आमचं डोळं बिघडल्यात," असं म्हणत त्यांनी चष्म्याला हात न लावता उजवा पाय पुढे केला.

मी त्वचारोगाची डॉक्टर. मलकापुरात माझा छोटा दवाखाना आहे. डोळ्यांचा दवाखाना पलीकडच्या गल्लीत आहे, असं सांगायला मी तोंड उघडलं होतं, तेवढ्यात त्यांच्या पायाकडे लक्ष गेलं. अंगठ्याचं नख झाडाच्या सालीसारखं जाड झालेलं, पिवळं, कडेला काळपट. बाकीच्या बोटांचीही तीच गत.

साठीच्या पुढचे, काटक, अंगात पांढरा सदरा. नदीत कुणी बुडालं की पोलीस त्यांनाच बोलावतात, हे त्यांनी बसल्यावर सांगितलं. "गढूळ पाण्यात डोळं काय कामाचं? कमरंला दोर बांधायचा आन् तळाला चालायचं. अंगठ्यानं चाचपायचं. कापड लागलं, केस लागलं की कळतं."

मग म्हणाले, "गेल्या खेपंला खाली माणूस हुता. मी त्याला ओंडका समजून पुढं गेलो. दोन दिस त्याची आई काठावर बसून हुती."

आपल्यापैकी पुष्कळजण नखांच्या बुरशीकडे दुर्लक्ष करतात. दुखत नाही, बूट घातला की दिसत नाही. या माणसाला मात्र रात्रंदिवस तेच दिसत होतं.

नख खरवडून तपासायला पाठवलं. बुरशीच निघाली. इतक्या जाड नखावर नुसतं मलम चालत नाही, पोटातून गोळ्या घ्याव्या लागतात. रोज एक, तीन महिने. आधी यकृताची रक्ततपासणी, मध्ये पुन्हा एकदा. गोळी बुरशी मारते, जुनं नख सुधारत नाही. मुळातून नवं नख येतं आणि ते पुढे सरकायला वर्ष लागतं. पाय कोरडे ठेवायचे. हे सगळं समजावून शेवटी मी म्हणाले, "आणि मामा, दारू बंद."

ते दचकले. "पाण्यात उतरायच्या आधी थोडी घ्यावी लागती, मॅडम."

"थंडीसाठी?"

"न्हाई. पिलेली असली की पाण्यात नुस्तं पाणी असतं."

न प्यायल्यावर काय असतं, हे मी विचारलं नाही. गोळ्यांची पट्टी खिशात घालून ते गेले.

दारू त्यांनी खरंच सोडली. दर महिन्याला यायचे, चपला दाराबाहेर काढायचे आणि टेबलावर पाय ठेवून म्हणायचे, "बघा, उजाडतंय का?" नखाच्या मुळाशी गुलाबी कोर दिसायला लागली होती. मीही त्यांच्याच भाषेत म्हणायचे, "उजाडतंय."

त्या दिवसांत त्यांनी कोयनेच्या तळातून दोघांना बाहेर काढलं. वर आणल्यावर ते आधी मेलेल्याचे पाय झाकायचे, तोंड नंतर. का, असं विचारल्यावर म्हणाले, "लय चाललेलं असत्यात. गारठत्यात."

अडीच महिने झाल्यावर ते उतरलेल्या चेहऱ्याने आले. तोंडाची चव गेली होती. या गोळीने काहीजणांना असं होतं, हे मला ठाऊक होतं.

"काहीच चव लागत नाही?"

"लागती की. भाकरी, चा, गूळ... समदं नदीच्या पाण्यावानी लागतंय."

रक्त तपासलं, यकृत ठणठणीत होतं. तरीही मी गोळ्या थांबवल्या. औषध नखात काही महिने राहतं, ते आपलं काम करत राहील, असं सांगितलं.

"म्हंजी गोळी थांबली तरी आतलं थांबत न्हाई," एवढंच ते बोलले.

दीड महिन्यात चव परत आली. छातीत कफ धरायला लागला तेव्हा लेकीने त्यांना कडेगावला आपल्या घरी नेलं. तिथे नदी नाही. चहूबाजूंनी ऊस आणि दारात बोअरचा नळ. त्यांचं पाण्यात उतरणं संपलं.

शेवटचे ते आले वर्षभराने, लेकीबरोबर. त्यानंतरच्या थंडीत ते झोपेतच गेले, म्हणून शेवटचे म्हणायचं. दाही नखं तान्ह्या बाळाच्या नखांसारखी स्वच्छ होती. मी आनंदाने तसं म्हणाले. मग लेक हळूच बोलली.

आठवड्यापूर्वी त्यांच्या जुन्या गावातल्या शाळेच्या एक बाई नदीत पाय घसरून वाहून गेल्या होत्या. दोन दिवस होड्या फिरल्या, काही लागलं नाही. शेवटी बाईंच्या भावाने कडेगावला फोन केला.

"दादांनी बादलीभर पाणी मागितलं," लेक सांगत होती. "दोनी पाय आत सोडलं आन् डोळं मिटून बसलं. तासभर हाललं न्हाईत. मग म्हणलं, सांग त्यास्नी, पुलाच्या तिसऱ्या खांबाखालनं डाव्या अंगाला जावा, बाभळीच्या मुळ्यात बघा. तितंच घावल्या, मॅडम. मी पाणी ओतायला गेले तर बादली बर्फावानी गार. आवं, उन्हाळ्याचं दिस!"

मी स्वतःची समजूत घातली. चाळीस वर्षं त्या नदीत वावरलेला माणूस. कुठला प्रवाह कुठे नेऊन टाकतो, हे त्याला घरबसल्या कळणारच. बादलीचं काय, हे मात्र मला सुचेना. म्हणून डॉक्टरसारखी रागावले.

"मामा, पाय कोरडे ठेवा म्हटलं होतं ना?"

ते ओशाळले. पाय टेबलावरून खाली घेतले, सदऱ्याच्या टोकाने बोटांच्या बेचक्या नीट पुसल्या.

"येकदाच भिजवलं, मॅडम," ते खालच्या आवाजात म्हणाले. "बाई लय घाबरल्या हुत्या."