मामाचं माप

हे मी आजवर कुणालाच सांगितलं न्हाई. बायकोला तर न्हाईच — तिच्याच बापाची गोष्ट हाय ना!

तुमाला ठावं हाय, मी सोताची फजिती फुकट वाटत फिरणारा माणूस. बैलावरून कसा पडलो, सोताच्याच लग्नात बोहल्यावर कसा घोरलो — समदं सांगून झालंय. शाळंची पायरी चढलो न्हाई, मग लपवायची अक्कल कुठून येणार? पर एक लपवलं. लई वरसं.

सासरे दिंद्रुडचे. मी त्यांना मामाच म्हणतो. ओढ्याकाठच्या निरगुडीचे फोक, म्हंजी लवचीक फांद्या, आणायचे आन् बसल्या जागी दुरडी, डालगं, धान्याची कणगी — म्हणाल ते इनायचे. मलाबी त्यांनीच शिकवलं. माझ्या पयल्या दुरडीत भाकरी ठेवली, तर बुडातून खाली पडली! मामा हसून हसून लोळले. काय दिवस व्हते! बोटं सोललेली, हाताला हिरव्या पाल्याचा वास, तरी दिवस उगवला की मी ओढ्याला पळायचो.

मग कणगी घातली. पयली कणगी शिकवणाऱ्याच्या घरी द्यायची, अशी रीत. उनात फोक कडक होऊन मोडतात, म्हणून इनायची घरात बसून. मामांनी आधीच आमच्या दाराचं माप घेऊन, तिथं गाठ मारलेली दोरी दिलती. "जावईबापू, आधी दाराला इचारायचं, मग बूड घालायचं."

आठ दिवसात कणगी झाली. काय देखणी! मामा टेम्पो घेऊन आले. चौघांनी उचलली — आन् दारात अडकली. आडवी केली, तिरकी केली, मी आतून डोक्यानं ढकलली. सारी गल्ली गोळा झाली. "कावून बे, दार दिसलं न्हाई का?"

आन् माझ्या तोंडून गेलं — "मला काय इचारता? माप मामांनी दिलंय."

कावून बोललो? रोज हसं करून घेणारा मी — त्या एका दिवशी काय झालं मला?

मामांनी माझ्याकडं बघितलं. मग दारातल्या शेळीकडं. म्हणले, "व्हय, माझीच दोरी चुकली. म्हातारा झालो आता." आन् सगळ्यांच्या आधी तेच हसले.

तवापासून गावात कुणाला बूट चावला, कुणाचा सदरा तटला, की "मामाचं माप!" ही गंमत मीच रंगवून सांगत फिरलो. लोक पोट धरून हसतात. बायको तेवढी उठून आत जाते.

कणगी अजून घरातच हाय. कोंबड्या तिच्यात अंडी घालतात. मामा दिवाळीला आले की तिच्यावर थाप मारतात — "लई मजबूत इनलीया जावयानं!"

ती दोरी? शेळी बांधायला घेतलती मी. गाठ आडवी येत व्हती, म्हणून सोडली. बूड घातलं नुसत्या अंदाजानं. मामा आले तवा दोरी शेळीच्या गळ्यातच व्हती.

माप बरोबर व्हतं.