वाकडी किनार

आमच्या घरात कौतुक करायची पद्धत नाही. म्हणजे मला नाही. जिभेला हाड नसतं म्हणतात. माझ्या जिभेला तर लगामही नाही. मी ब्लाउज शिवते. वाकडी शिलाई दिसली की ती उसवावीशी वाटते, मग ती कुणाच्या का अंगावर असेना. लग्नात नवरीच्या पाठीवरची पायपिंग सुटलेली दिसली तर माझं अक्षतांकडे लक्ष लागत नाही. स्वभावाला औषध नाही, दुसरं काय!

आमचे हे तळोज्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. निवृत्त झाल्यावर लोक सकाळी फिरायला जातात, देवळात बसतात. ह्यांनी रोडपालीच्या आमच्या फ्लॅटची गॅलरी काचा लावून बंद केली आणि तिथे गिटारी करायला लागले. माझी कपडे वाळत घालायची जागा गेली ती गेलीच. पहिली गिटार झाली तेव्हा मला हाक मारली, "ये गं, बघून घे." मी कणकेचे हात पुसत गेले आणि म्हणाले, "मान तिरकी आहे." ह्यांनी कानावरची पेन्सिल काढून दिली. "कुठे ते खूण कर."

तेव्हापासून ती रीतच पडली. काम झालं की हाक, माझी खूण, ह्यांची दुरुस्ती. शेजारीण एकदा म्हणाली, "अहो, बिचारे एवढं करतात, कधीतरी छान म्हणा की!" मी म्हटलं, छान असेल तेव्हा म्हणेन. हे गॅलरीतून हसले. त्यांना राग आल्याचं मला आठवत नाही. रागवायचं काम मी दोघांच्या वाटचं करत होते.

गेल्या वर्षी ह्यांचा हात थरथरू लागला. मांडीवर ठेवला की शांत, काही धरायला गेला की सुरू. बशी वाजायला लागली तेव्हा हे स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायला लागले आणि म्हणाले, "ह्यात गरम राहतो." मी काय दूधखुळी आहे? हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, घाबरू नका, गोळ्यांनी थोडं कमी होईल, पण हळूहळू वाढत जाणार.  मला कारागिराची बायको म्हणून त्या आजाराचा संताप आला. निवांत बसलेल्या माणसाला काही नाही, आणि काम करायला गेला की छळायचं. ही कुठली रीत?

त्यानंतर नवीन काम घेतलं नव्हतं. मग पनवेलचे एक गृहस्थ आले. आयुष्यभर कुवेतला नोकरी करून परतलेले, साठी उलटलेली, गिटार शिकायची राहून गेलेली. त्यांनी बाहेरून एक पाकीट मागवलं होतं. त्यात शिंपल्याच्या पट्ट्या होत्या, जाड दोऱ्याएवढ्या रुंद, निळ्या-हिरव्या झाकेच्या. गिटारच्या पुढच्या फळीच्या कडेने अशी किनार हवी, म्हणाले. "भाभी, जल्दी नाय. तिकडे घड्याळावर जगलो, आता फुरसत हाय."

शिंपल्याची किनार ह्यांनी पूर्वी केली होती. शिंपला काही वळत नाही. बारीक तुकडे एकापुढे एक बसवत जायचं, आणि गिटारच्या कमरेपाशी, जिथे ती आत वळते, तिथे तुकडा कट्कन मोडायचा. ह्या पट्ट्या वेगळ्या. ह्यांनी एक बोटाभोवती गुंडाळून बघितली, सुताच्या गोफासारखी वळली. किती तरी दिवसांनी त्यांचा चेहरा फुललेला बघितला. "हिला हाताचा एवढा नेम लागायचा नाही," ते म्हणाले. आणि मग, माझ्याकडे न बघता, "ही जमली तर पुढेही करेन. नाही जमली तर पुरे. हत्यारं देऊन टाकू कुणाला तरी."

मला धस्स झालं. गिटारींचं मला काय डोंबलाचं कळतं? पण हत्यारं सोडून नुसते बसलेले हे मला ठाऊक नव्हते.

महिनाभर खपून गिटार उभी केली. किनारीचा दिवस आला तेव्हा गॅलरीचं दार लावून घेतलं. मी मशीनवर बसले होते, पण पाय चालेना. काम असं असतं: कडेला बारीक खाच कोरलेली असते, तिच्यात पट्टी दाबत जायची, आणि वरून पाण्यासारख्या पातळ गमचा थेंब सोडायचा. तो आपोआप आत ओढला जातो आणि झटक्यात धरतो. थेंब इकडेतिकडे पडला की पांढऱ्या लाकडावर पिवळा डाग. पट्टीनं मोडणं सोडून दिलं होतं, पण थेंब थोडाच हाताला सांभाळून घेणार?

"ये गं, बघून घे."

मी गेले. कमरेपाशी किनार खाचेतून वर उचलली गेली होती, एक चांगली लाट. खाली तीन ठिकाणी गम सांडलेला. हे हात पाठीमागे बांधून उभे होते, शाळेतल्या मुलासारखे. मी पेन्सिल मागितली नाही.

"छान झालंय," मी म्हणाले.

ह्यांनी गमची बाटली बंद केली, गिटारवर धुतलेलं धोतर पांघरलं आणि बाहेर येऊन टीव्ही लावला.

मला वाटलं, सुटलो. कसलं काय! दुसऱ्या दिवशी गॅलरीत गेले नाहीत. तिसऱ्याही नाही. पेपर जाहिरातींसकट वाचायचे आणि दुपारी झोपायचे. मी मुद्दाम भाजी खारट केली, म्हटलं निदान भांडतील. निमूटपणे जेवले. शेवटी मला राहवेना. टीव्हीसमोर जाऊन उभी राहिले.

"ती किनार वाकडी आहे. कमरेपाशी वर आलीय. डाग पडलेत. असली गिटार दिली तर त्या पनवेलच्या भाईंना तोंड कसं दाखवणार?"

ह्यांनी टीव्ही बंद केला. "मग छान का म्हणालीस?"

"दया आली."

बोलून गेले आणि जीभ चावली. पण ह्यांना उलट जरा हायसंच वाटलेलं दिसलं.

"वाकडी आहे ते मला दिसत होतं गं," ते म्हणाले. "तू ओरडशील, मी काढेन, परत लावेन, असं धरून चाललो होतो. तू छान म्हणालीस. म्हटलं, हिनंसुद्धा माझी आशा सोडली."

मला रडूच आलं. रडता रडता म्हटलं, "आशा कोण मेलं सोडतंय? उठा आधी!"

पट्टी काढताना तिचे तुकडे झाले. पाकिटात आणखी होत्या. लाकडाला आधी पॉलिशचा हात दिलेला होता, म्हणून डाग पात्यानं खरवडून निघाले. ह्या वेळी मी समोर स्टूल घेऊन बसले. मनगट गिटारवर टेकलं की थरथर कमी होते हे आम्हाला तिथे कळलं. अंगठ्याएवढी पट्टी बसवायची, थांबायचं, पुन्हा तेवढीच. "हललात. थांबा. आता दाबा. अहो, एवढं नाही!" माझा घसा बसला. संध्याकाळपर्यंत कमर पार झाली. एके जागी केसभर वर होती, ती मी दाखवली आणि ह्यांनी दाबली.

हात पुसताना म्हणाले, "एक सांगतो. हे वाढत जाणार. ज्या दिवशी खरंच जमेनासं होईल त्या दिवशी ते डॉक्टरकडून कळायला नको, शेजाऱ्यांकडून नको. तू सांग. सरळ सांग, नेहमीसारखं."

दाखवताना बोटाला लागलेला गम मी नखानं खरवडून काढला. मग म्हणाले, "बरं."