साहेबरावांचं पाचवं शील

वडीगोद्रीच्या साहेबराव सेंट्रिंगवाल्यांनी जन्मात दारू चाखली नव्हती. स्लॅब टाकून झाला की घरमालक गड्यांना प्यायला बसवायचा. साहेबराव तेवढं मटण खाऊन उठायचे. दर पौर्णिमेला विहारात पंचशील तेच सांगायचे आणि मागून सगळी वस्ती म्हणायची. पाचवं शील, मद्यापासून दूर राहण्याचं, म्हणताना त्यांचा आवाज अंमळ चढायचाच. माणसाला मिरवायला काहीतरी लागतं. त्यांच्याकडे तेवढंच होतं.

आणि नेमकं तेच सोमेश्वर सरांनी नासवलं.

सर जालन्याच्या मस्तगडचे. हायवेलगत त्यांच्या संस्थेचं युवा केंद्र होतं: अभ्यासिका, कॅरम, पोरापोरींचं पथनाट्य. साहेबरावांची पोरगी प्रीती तिथं अभ्यास करून नर्स झाली. चांगलंच झालं, कोण नाही म्हणतंय? पण मदत देणाऱ्यांना नुसतं चांगलं पुरत नाही, आधीचं वाईट दाखवावं लागतं. ते नव्हतं, म्हणून सरांनी बसल्या जागी तयार केलं. बाप दारुडा, पोरीची पुस्तकं जाळायचा. केंद्राच्या पोरांनी त्याची दारू सोडवली. त्यावर ‘प्रीतीची भरारी’ नावाचं पथनाट्य बसलं आणि भर बाजारात झालं. भुजंग नावाच्या पोरानं बाप असा झोकात केला की बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

पुढच्या पौर्णिमेला पाचव्या शीलाला मागं कुणीतरी फिसकन हसलं. साहेबरावांनी वंदना पुरी केली, आणि त्यानंतर विहाराची पायरी चढले नाहीत.

ते सरांकडे गेले. “सर, मी कधी पेलो?”

“काका, नाटक आहे ते. तुमचं नाव कुठं घेतलंय?”

साहेबराव गुमान परत आले. राग विसरणाऱ्यातले ते नव्हते. त्यांनी तो नीट जपून ठेवला. बायको गिरिजाबाई म्हणायची, “सोडून द्या आता.” ते म्हणायचे, “सोडतो की. बराबर सोडतो.”

यंदा पुण्याहून तृप्ती मॅडम आल्या, केंद्रामुळे गावात खरोखर काय फरक पडला ते तपासायला. त्यांच्या अहवालावर केंद्राचं पुढचं सगळं अवलंबून होतं. त्यांनी तो सुधारलेला बाप भेटवा म्हटलं, आणि सर जल्दी जल्दी साहेबरावांच्या ओट्यावर येऊन बसले.

“काका, पीत होतो, आता सोडली, एवढंच म्हणा. पोरांच्या केंद्रासाठी.”

“म्हणतो ना. त्यात काय.”

गिरिजाबाई नवऱ्याकडे बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशी केंद्राच्या सतरंजीवर निम्मं गाव बसलं होतं. मॅडमनी हळूच विचारलं, “काका, तुम्ही खरंच दारू पीत होता?”

“लई. रोज पेत होतो.”

सर खुर्चीत सैलावले.

“एकटेच?”

“एकट्याला मजा न्हाई येत, मॅडम. हे सर असायचे ना. केंद्राला कुलूप लागलं की आम्ही मागच्या खोलीत बसायचो. बाटली त्यांची, चकना माझा. पोरांनी माझी सोडवली. सरांची तेवढी राहिली. ते आजबी पिऊन राह्यले.”

सर ताडकन उठले. “साफ खोटं बोलतोय हा माणूस. मॅडम, यानं आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. अख्ख्या गावाला विचारा.”

साहेबरावांनी संथपणे मान डोलावली. “मॅडम, आता सर खरं बोलले. हे लिहून घ्या.”

मॅडम सरांकडे वळल्या. “मग केंद्रानं सोडवली ती दारू कुणाची?”

भुजंग मान खाली घालून सतरंजीचे दोरे उपसत होता. साहेबरावांना इतका आनंद प्रीती पास झाली तेव्हाही झाला नव्हता.

पौर्णिमेला वस्तीनं त्यांना हाताला धरून पुढं बसवलं. तीन शीलं नीट झाली. चौथं खोटं न बोलण्याचं. तिथं ते गप्प राहिले. वस्तीनं आपलं आपण म्हणून घेतलं. सरांवर घेतलेला आळ त्यांना आठवत होता, पण पश्चात्ताप काही होत नव्हता, मग म्हणायचं कशाला?

पाचवं मात्र त्यांनी असं खणखणीत म्हटलं की ते हायवेपलीकडं केंद्रापर्यंत ऐकू गेलं असेल. मागं कुणी हसलं नाही.