डॉक्टरबाईंनी विचारलं आणि मी उठून बाहेर गेले

गेल्या मंगळवारी सुनेबरोबर तिच्या डॉक्टरकडे गेले होते, इथे जर्मनीत, एर्लांगेनमध्ये. मुलगा कामासाठी स्टुटगार्टला गेलेला आणि मृण्मयीला विसावा आठवडा लागलेला... म्हणाली, आई, तुम्हीच चला, बाळ बघायला मिळेल.

थोरल्या नातीच्या, इराच्या वेळी मी इथे नव्हते. त्यामुळे मला सगळ्याचंच अप्रूप. भिंतीवर टीव्हीएवढा पडदा आणि त्यावर बाळाचा कणा, अगदी जपमाळेसारखा... मी मनातल्या मनात अथर्वशीर्ष सुरू केलं.

डॉक्टरबाईंनी हसून काहीतरी विचारलं. जर्मन मला येत नाही, पण 'मेडशेन' म्हणजे मुलगी, एवढं इराच्या किंडरगार्टनमुळे ठाऊक आहे. मुलगा की मुलगी ते जाणून घ्यायचंय का, असं त्या विचारत होत्या... मी उठले आणि सरळ बाहेर जाऊन बसले.

येताना बसमध्ये मृण्मयी गप्प. जेवतानाही गप्प. दोनदा विचारलं, बाळ बरं आहे ना? बरं आहे म्हणाली आणि विषय संपवला.

संध्याकाळी मी पालक निवडत होते, ती समोर येऊन बसली. बराच वेळ देठांशी चाळा करत राहिली... मग खाली बघूनच म्हणाली, "तुम्ही उठून गेलात ना, आई... मुलगी असली तर ऐकायचंच नव्हतं तुम्हाला?"

हातातली जुडी हातातच राहिली. सकाळपासून ही पोर पोटातल्या बाळाबरोबर हे ओझं वागवत होती, आणि मी आपली रिपोर्टची काळजी करत होते.

तिला सगळं सांगितलं. आपल्याकडे प्रत्येक सोनोग्राफी सेंटरात पाटी असते, इथे लिंगनिदान केलं जात नाही, तो गुन्हा आहे... ती पाटी इतकी वर्षं वाचली की तो प्रश्न ऐकूनच मला धडकी भरली. पण तेवढंच नव्हतं.

मला पहिल्या दोन मुली. तिसऱ्या वेळी जाऊबाई मला तालुक्याला घेऊन गेल्या, तिथे मशीन नवीनच आलेलं. मी टेबलापर्यंत गेले... आणि तशीच परत फिरले. देवीला सांगितलं, पोटातल्या जिवाबद्दल हा प्रश्न माझ्या तोंडून कधी निघणार नाही.

पुढे मुलगा झाला. पावली हो देवी, असं जो तो म्हणायचा... मला ते कधीच आवडलं नाही. दोघी पोरी झाल्या तेव्हा काय देवी रुसलेली होती?

मृण्मयी डोळे पुसत म्हणाली, "एवढं सगळं कधी बोलला नाहीत."

कुणी विचारलंच नव्हतं...

मग मलाच कुतूहल. इथे कसं विचारतात मग बिनदिक्कत? ती म्हणाली, आईच्या रक्तावरून दहाव्या आठवड्याच्या सुमाराला कळू शकतं. सोनोग्राफीत मात्र सुरुवातीला मुलगा-मुलगी सारखेच दिसतात, नीट दिसायला अठरा-वीस आठवडे तरी लागतात.

पण रक्तावरून आधी कळलं तरी डॉक्टरांनी लगेच सांगायचं नाही, असा इथे कायदा आहे. कायद्यात बारा आठवड्यांपर्यंत सांगायचं नाही आणि डॉक्टर म्हणतात चौदा... खर्चाच्या वहीत मागच्या पानावर आठवडे मांडून बघितले, तेव्हा उमगलं. डॉक्टर शेवटच्या पाळीपासून मोजतात, कायदा गर्भ राहिल्यापासून.

आणि तोवर का नाही सांगायचं? कारण तोवर गर्भ ठेवायचा की नाही हे ठरवता येतं. मुलगा-मुलगी बघून कुणी ते ठरवू नये, म्हणून.

मला वाटायचं ही भीती फक्त आपल्याकडची, ही लाज आपलीच. इथल्या लोकांनाही कधीतरी हा विचार करावा लागला, कायदा लिहावा लागला... का कोण जाणे, मला जरा हलकं वाटलं आणि जरा वाईटही.

निवडलेला पालक धुवायला उठले, तर मृण्मयीने माझा पदर धरला. म्हणाली, "तुम्ही विचारायचं नाही, एवढंच ना? मी आपणहून सांगितलं तर चालेल?"

देवीला तसं काही बोलले नव्हते. म्हटलं, सांग.

"मुलगी आहे, आई."

दुसऱ्या दिवशी केलरमधून, म्हणजे बिल्डिंगच्या तळघरातून, इराच्या लहानपणच्या कपड्यांची खोकी वर आणली. सगळे फ्रॉक धुऊन गॅलरीत वाळत घातले, दोन-चार बटणं लावायची आहेत फक्त. इरा प्रत्येक फ्रॉक हातात घेऊन, हा माझा होता, असं जर्मनमध्ये बजावत होती आणि मग स्वतःच बाळाच्या ढिगात ठेवत होती.

मृण्मयीला विचारूनच हे लिहितेय. त्या दिवशी ती मनातलं बोलली नसती, तर जन्मभर माझ्याबद्दल तोच समज घेऊन राहिली असती... पालक निवडायला समोर येऊन बसली, हे तिचे माझ्यावर उपकार.